कसोटीनंतरची सत्तावीस वर्षे : कर्नल सी. के. नायडू यांनी निवडलेले मैदान

गोहलपूर (जबलपूर) : जबलपूरच्या गोहलपूर भागातून निघाले की नागपूर दक्षिणेला येते आणि इंदूर पश्चिमेला. भारताचे पहिले कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचे आयुष्य या दोन शहरांत वाटले गेले. नागपूर ही त्यांची जन्मभूमी, तर इंदूर ही कर्मभूमी. त्यांच्या हयातीत या प्रदेशाचा नकाशाही बदलला. १९५६ पर्यंत जबलपूरचा कारभार नागपूर या राजधानीतून चालत असे. राज्य पुनर्रचनेनंतर नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर व इंदूर नव्या मध्य प्रदेशात एकत्र आले. त्यामुळे नायडू आमचे, असे विदर्भानेही म्हणावे आणि मध्य प्रदेशानेही, हे स्वाभाविक ठरते.

नायडू यांच्या नावासोबत नेहमी दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, १९२६ मध्ये मुंबईत त्यांनी मारलेले ११ षटकार. दुसरी, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत त्यांनी केलेले नेतृत्व. मात्र त्यांची कसोटी कारकीर्द १९३६ मध्येच संपली आणि तिच्यात अवघे सात सामने होते. त्यानंतर तब्बल २७ वर्षे ते प्रथम श्रेणी क्रिकेट खेळत राहिले. वयाच्या चाळिशीत, राष्ट्रीय संघाचे दार बंद झालेले असताना, खालच्या पायरीवर खेळत राहायचे की बॅट ठेवून वरच्या पायरीवर मार्गदर्शक व्हायचे, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या खेळाडूपुढे कधी ना कधी उभा राहतो. नायडू यांनी त्याचे दिलेले उत्तर भारतीय क्रिकेटमध्ये आजही एकमेव म्हणावे असे आहे.

नागपूरचे घर

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. घराणे मूळचे आंध्रातील मछलीपट्टणम परिसरातील. परंतु आजोबा नारायणस्वामी नायडू यांनी नागपुरात वकिली केली आणि कुटुंब तेथेच स्थिरावले. वडील सूर्यप्रकाश राव हे केंब्रिजला शिकलेले होते. घरात शिक्षण होते, प्रतिष्ठा होती आणि खेळाची आवडही होती. कनकय्या यांचे शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप संस्थेत झाले. क्रिकेटचे प्राथमिक धडेही त्यांनी याच शहरात गिरवले.

त्या काळी भारतीय क्रिकेटचे केंद्र मुंबईत होते. हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन अशा चार संघांच्या चौरंगी सामन्यांना हजारो प्रेक्षकांची गर्दी होत असे. १९१६ मध्ये नायडू यांना हिंदू संघात स्थान मिळाले. युरोपियन संघाविरुद्धच्या या पहिल्या प्रथम श्रेणी सामन्यात ते नवव्या क्रमांकावर फलंदाजीला आले. संघाचे सात गडी बाद झालेले होते. पहिले तीन चेंडू त्यांनी बॅटने थोपवले आणि चौथा थेट सीमेपार भिरकावला, असे या पदार्पणाबद्दल सांगितले जाते. उंच शेलाटी शरीरयष्टी, सरळ उभा राहण्याचा ढंग आणि पुढे सरसावून चेंडू उंच फटकावण्याची तयारी ही त्यांची ओळख तेव्हापासून बनत गेली.

होळकरांचे बोलावणे

१९२३ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांनी नायडू यांना संस्थानात बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात कॅप्टनच्या पदावर नेमले. पुढे ते कर्नल झाले आणि हे बिरूद त्यांच्या नावाला कायमचे चिकटले. त्या काळात क्रिकेटवर पोट भरण्याची सोय भारतात जवळपास नव्हतीच. पतियाळा, बडोदा, नवानगर, इंदूर अशा संस्थानांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आणि त्या आधारावर देशातील क्रिकेट उभे राहिले. इंदूर हे मराठी राज्यकर्त्यांचे शहर. नागपुरात वाढलेल्या नायडू यांना तेथील वातावरण परके वाटण्याचे कारण नव्हते.

१९२६-२७ च्या हंगामात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारतात आला. १ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाकडून खेळताना नायडू यांनी ११६ मिनिटांत १५३ धावा केल्या. त्यांत ११ षटकार आणि १३ चौकार होते. भारतीय फलंदाज इंग्लंडच्या गोलंदाजांसमोर केवळ टिकाव धरू शकतात असे नाही, तर त्यांच्यावर हुकूमतही गाजवू शकतात, हे मुंबईकरांनी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. एमसीसीने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. याच दौऱ्यात पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांनीही एमसीसीविरुद्ध शतक झळकावले. भारताला कसोटीचा दर्जा मिळावा या मागणीला या दौऱ्याने बळ दिले. दोन वर्षांत, १९२८ च्या डिसेंबरमध्ये, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले.

लॉर्ड्स आणि त्यानंतर

१९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी संघाचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे, तर उपकर्णधारपद लिंबडीच्या राजपुत्राकडे होते. संघाचा पुढारी राजघराण्यातील असावा, ही त्या काळची रीत होती. परंतु पोरबंदरचे महाराज स्वतःच्या खेळाची मर्यादा ओळखून बाजूला झाले आणि लिंबडीकर जायबंदी झाले. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली तेव्हा नाणेफेकीसाठी नायडू उतरले. क्षेत्ररक्षण करताना त्यांच्या हाताला दुखापत झाली. तरीही पहिल्या डावात त्यांनी संघाच्या सर्वाधिक ४० धावा केल्या. इंग्लंडने हा सामना १५८ धावांनी जिंकला.

संपूर्ण दौऱ्यात मात्र नायडू यांनी प्रथम श्रेणी सामन्यांत १,६१८ धावा केल्या आणि ६५ बळी घेतले. त्यांचे वय तेव्हा ३६ वर्षांचे होते. पुढील वर्षी विस्डेन वार्षिकीने वर्षातील पाच सर्वोत्तम क्रिकेटपटूंत त्यांची निवड केली. भारतासाठी खेळणाऱ्या क्रिकेटपटूला हा मान प्रथमच मिळत होता. १९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांचा संघ भारतात आला तेव्हा मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील तिन्ही कसोटींत भारताचे नेतृत्व नायडू यांच्याकडेच होते. मुंबईच्या सामन्यात लाला अमरनाथ यांनी भारताचे पहिले कसोटी शतक झळकावले, त्या वेळी दुसऱ्या टोकाला ६७ धावांची साथ देणारे फलंदाज नायडूच होते.

१९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात परिस्थिती पालटली. कर्णधारपद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. हा दौरा संघातील गटबाजीसाठी आणि अमरनाथ यांना मध्येच मायदेशी धाडल्याबद्दल अधिक लक्षात राहिला. ओव्हलवरील शेवटच्या कसोटीत गबी ॲलन यांचा वेगवान चेंडू अंगावर बसल्यानंतरही नायडू यांनी दुसऱ्या डावात ८१ धावा केल्या. ही त्यांची अखेरची आणि सर्वोत्तम कसोटी खेळी ठरली. सात कसोटींत ३५० धावा, सरासरी २५, एवढाच हिशेब कागदावर उरला. भारताला पुढची कसोटी खेळायला मिळाली ती थेट १९४६ मध्ये. दुसऱ्या महायुद्धाने मधली वर्षे गिळली होती आणि तोवर नायडू पन्नाशीत पोहोचले होते.

दोन वाटा

कसोटीनंतर नायडू यांच्यापुढे कोणत्या वाटा होत्या, हे समजण्यासाठी त्या काळची व्यवस्था ध्यानात घ्यावी लागते. राष्ट्रीय संघासाठी पूर्णवेळ प्रशिक्षकाचे पद अस्तित्वातच नव्हते. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये सुरू झाली. वरच्या पातळीवर मार्गदर्शन करायचे तर निवड समिती, नियामक मंडळ किंवा दौऱ्याचे व्यवस्थापकपद हेच मार्ग होते. तिथे मान होता, सत्ता होती आणि धावण्याचे कष्टही नव्हते.

नायडू यांना ही पदे मिळालीच नाहीत असे नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काळात त्यांनी निवड समितीचे अध्यक्षपद भूषवले आणि नियामक मंडळाचे उपाध्यक्ष म्हणूनही काम पाहिले. परंतु पद आले म्हणून मैदान सुटले नाही. निवृत्तीची घोषणा करून खुर्चीकडे वळावे, असा एखादा निर्णायक दिवस त्यांच्या आयुष्यात दिसत नाही. दरवर्षी रणजी करंडकाचा हंगाम सुरू होई आणि दरवर्षी ते पांढरे कपडे चढवून उतरत. निवड एकदाच झाली नव्हती, ती दर हंगामात नव्याने होत होती.

पुण्यात देवधरांनी अशीच वाट चोखाळली होती. संस्कृतचे हे प्राध्यापक एकही कसोटी खेळू शकले नाहीत; परंतु त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या विजेतेपदाच्या हंगामात त्यांनी मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या तेव्हा ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. याउलट उदाहरण पुण्यातच जन्मलेल्या कर्नल हेमू अधिकारी यांचे. १९५९ मध्ये भारताचे नेतृत्व करून त्यांनी कसोटीचा निरोप घेतला आणि पुढची पिढी घडवण्यात स्वतःला गुंतवले. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाने इंग्लंडमध्ये पहिली मालिका जिंकली तेव्हा संघाचे व्यवस्थापक अधिकारी होते. दोन्ही मार्ग सन्मानाचे होते. नायडू यांनी मात्र शिकवण्यासाठीही मैदानावरच उभे राहणे पसंत केले.

होळकर संघाची शाळा

१९४१-४२ पासून होळकर संघ रणजी करंडकात या नावाने उतरू लागला. त्याआधी मध्य भारताचा संघ खेळत असे. पुढील दशकात या संघाने मुंबईच्या वर्चस्वाला जे आव्हान दिले, त्यामागे नायडू यांची शिस्त होती. सैन्यातील कवायतीची सवय त्यांनी क्रिकेटमध्ये आणली. सरावाची वेळ चुकवायची नाही, चेंडू लागला तरी वेदना चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, झेल सुटला तर सबब सांगायची नाही, ही त्यांची रीत होती. मुख्य म्हणजे यातील कोणतीही गोष्ट ते सीमारेषेबाहेर बसून सांगत नव्हते. विशीतील गोलंदाजासोबत पन्नाशीतील कर्णधार दिवसभर उन्हात उभा असे, तेव्हा थकव्याची तक्रार कोणी करणे अवघड होते.

या शाळेतून घडलेली नावे मोठी आहेत. इंदूरच्या मुश्ताक अली यांच्यातील गुण त्यांनी ते शाळकरी वयात असतानाच हेरले. डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून सुरुवात केलेले मुश्ताक पुढे सलामीचे फलंदाज झाले आणि १९३६ मध्ये मँचेस्टरला परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय ठरले. धाकटे बंधू सी. एस. नायडू लेगस्पिन गोलंदाज म्हणून नावारूपास आले आणि ११ कसोटी खेळले. सागर येथे जन्मलेले चंदू सरवटे, नागपूरचे हिरालाल गायकवाड, माधवसिंह जगदाळे, खंडू रांगणेकर आणि कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर अशी मराठी वाचकांच्या परिचयाची माणसे या संघात वेगवेगळ्या वर्षी होती. महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावांचा विक्रम करणाऱ्या निंबाळकरांच्या कारकिर्दीचा मोठा भाग होळकर संघात गेला.

मार्च १९४५ मध्ये मुंबईत झालेला अंतिम सामना या संघाची चिकाटी दाखवतो. मुंबईने ४६२ आणि ७६४ धावा केल्या. विजय मर्चंट यांच्या त्यांत २७८ होत्या. होळकर संघाचा पहिला डाव ३६० धावांत आटोपला होता आणि विजयासाठी ८६७ धावांचे अशक्यप्राय लक्ष्य समोर होते. महायुद्धात इंदूरजवळच्या महू छावणीत नेमणुकीवर असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून खेळत होते. त्यांनी नाबाद २४९ धावा केल्या. मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके ठोकली. संघ ४९२ पर्यंत पोहोचला आणि ३७४ धावांनी पराभूत झाला. दोन्ही संघांच्या मिळून २,०७८ धावा झाल्या. सी. एस. नायडू यांनी या सामन्यात ९१७ चेंडू टाकून ११ बळी घेतले. एका प्रथम श्रेणी सामन्यात एवढे चेंडू दुसऱ्या कोणीही टाकलेले नाहीत. हा भार धाकट्या भावावर टाकणारा कर्णधार स्वतः ४९ वर्षांचा होता.

पुढच्याच हंगामात उत्तर मिळाले. १९४६ च्या अंतिम सामन्यात होळकर संघाची गाठ बडोद्याशी इंदूर येथे पडली. नायडू यांनी वयाच्या ५० व्या वर्षी २०० धावांची खेळी केली आणि संघाने ५६ धावांनी सामना जिंकून रणजी करंडक प्रथमच इंदूरला नेला. त्याच उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला रवाना झाला. त्यात मुश्ताक अली, सरवटे आणि सी. एस. नायडू होते. कर्णधार मात्र घरी राहिले. या दौऱ्यात सरे संघाविरुद्ध सरवटे आणि शूटे बॅनर्जी यांनी शेवटच्या जोडीसाठी २४९ धावांची भागी रचली, ती आजही क्रिकेटच्या इतिहासात सांगितली जाते.

यशापाठोपाठ अपमानही आला. १९४७ च्या अंतिम सामन्यात बडोद्याचे विजय हजारे आणि गुल मोहम्मद यांनी चौथ्या जोडीसाठी ५७७ धावा जोडल्या. मूळचे सांगलीचे असलेल्या हजारे यांनी २८८, तर गुल मोहम्मद यांनी ३१९ धावा केल्या. होळकर संघ एक डाव आणि ४०९ धावांनी हरला. ५१ वर्षांच्या कर्णधाराने ही अखंड भागी मैदानावर उभे राहून पाहिली. कसोटी कर्णधार म्हणून मिळालेली कीर्ती जपायची असती तर बॅट ठेवण्यास याहून योग्य निमित्त शोधून सापडले नसते. नायडू पुढच्या हंगामात पुन्हा उतरले आणि १९४८ मध्ये होळकर संघाने मुंबईला हरवून करंडक परत मिळवला.

संस्थान गेले, संघ राहिला

१९४८ मध्ये होळकरांचे संस्थान मध्य भारतात विलीन झाले. ज्या राज्याच्या सैन्यात नायडू कर्नल होते, ते राज्यच उरले नाही. क्रिकेटमध्ये मात्र होळकर हे नाव १९५४-५५ च्या हंगामापर्यंत टिकले. १९५०-५१ मध्ये गुजरातला आणि १९५२-५३ मध्ये बंगालला मागे टाकून संघाने आणखी दोनदा विजेतेपद मिळवले. नायडू यांच्या नेतृत्वाखाली १९४४-४५ ते १९५२-५३ या नऊ हंगामांत होळकर संघाने आठ वेळा अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. शेवटच्या विजेतेपदाच्या वेळी कर्णधाराने वयाची ५७ वर्षे पूर्ण केली होती.

या काळातील एक प्रसंग क्रिकेटप्रेमींच्या दोन पिढ्यांनी एकमेकांना सांगितला आहे. कोल्हापूरचे दत्तू फडकर हे भारताचे आघाडीचे वेगवान गोलंदाज. मुंबईकडून खेळताना त्यांचा उसळता चेंडू नायडू यांच्या तोंडावर बसला आणि दात निखळले. डोक्यावर शिरस्त्राण घालण्याची पद्धत तेव्हा नव्हती. नायडू यांनी खेळपट्टीवर पडलेले दात बॅटने बाजूला सारले, उपचार नाकारले आणि पुढच्या चेंडूसाठी पवित्रा घेतला, असे या प्रसंगाचे वर्णन केले जाते. तेव्हा त्यांचे वय ५६ होते.

या हट्टाला दुसरी बाजू आहे, ती नाकारता येत नाही. साठीला टेकलेला फलंदाज संघात एक जागा अडवतो आणि ती जागा एखाद्या तरुणाची असू शकते, हा आक्षेप आजही असाच घेतला गेला असता. कठोर शिस्त प्रत्येकाला मानवतेच असे नाही. निवड समितीवर असलेला माणूस स्वतः खेळत असेल, तर त्याच्या निर्णयांकडे अधिक बारकाईने पाहिले जाते, हेही खरे. परंतु होळकर संघाच्या बाबतीत या आक्षेपाला निकालांनी उत्तर दिले. कर्णधार मैदानावर राहिल्यामुळे तरुणांची वाट अडली असती, तर त्याच संघातून मुश्ताक अली, सरवटे, सी. एस. नायडू, गायकवाड आणि रांगणेकर कसोटीपर्यंत पोहोचले नसते. शिवाय नायडू यांनी संघ सोडला त्यानंतरच्या दोन्ही हंगामांत होळकर संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. गुरू गेल्यावरही शाळा चालू राहिली.

आणखी खालची पायरी

संघ सोडला तेव्हाही नायडू यांनी खेळ सोडला नाही. त्यांनी जे केले ते अधिक बोलके आहे. १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य अस्तित्वात आले आणि त्याच हंगामात आंध्रचा संघ प्रथमच रणजी करंडकात उतरला. या नवख्या संघाचे कर्णधारपद ५८ वर्षांच्या नायडू यांनी स्वीकारले. चार वेळच्या विजेत्या संघातून ते पहिलेच पाऊल टाकणाऱ्या संघात आले होते. पूर्वजांच्या भूमीचे ऋण फेडण्याचा भावही त्यामागे असू शकतो. क्रिकेटच्या दृष्टीने पाहता मात्र ही स्वतःहून उतरलेली पायरी होती.

१९५६-५७ मध्ये ते उत्तर प्रदेशाचे कर्णधार झाले. वय ६१. राजस्थानविरुद्ध त्यांनी ८४ धावा केल्या आणि त्या वेळी जगातील उत्तम डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांत गणल्या जाणाऱ्या विनू मंकड यांना दोन षटकार मारले. रणजी करंडकातील आपल्या शेवटच्या डावातही त्यांनी ५२ धावा केल्या. १९५६ मध्येच भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. ज्या वर्षी देशाने त्यांच्या गतकाळाचा सन्मान केला, त्याच वर्षी ते वर्तमानातही धावा करत होते.

अखेरचा प्रथम श्रेणी सामना त्यांनी १९६३-६४ च्या हंगामात खेळला. महाराष्ट्राचे राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्या नावाने उतरलेल्या दोन संघांतील या सामन्यात ६८ वर्षांचे नायडू मैदानात आले. १९१६ मध्ये सुरू झालेली कारकीर्द सहा दशकांना स्पर्श करून थांबली. २०७ प्रथम श्रेणी सामने, ११,८२५ धावा, २६ शतके आणि ४११ बळी ही तिची गोळाबेरीज आहे. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूर येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या चंद्रा नायडू यांनी पुढे क्रिकेट समालोचन केले. या क्षेत्रातील देशातील पहिल्या महिलांत त्यांचे नाव घेतले जाते. वडिलांचे चरित्रही त्यांनी लिहिले.

वारसा

भारतीय संघाला पूर्णवेळ प्रशिक्षक असावा ही कल्पना नायडू यांच्यानंतर अनेक वर्षांनी रुजली. २००० मध्ये न्यूझीलंडचे जॉन राइट हे संघाचे पहिले परदेशी प्रशिक्षक झाले. आज निवृत्त खेळाडूसमोर प्रशिक्षण, समालोचन, प्रशासन, व्यावसायिक स्पर्धा असे अनेक मार्ग खुले असतात आणि चाळिशीत जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या मैदानावर टिकून राहणारा माजी कसोटीपटू विरळा झाला आहे.

नायडू यांच्या दोन्ही शहरांना रणजी करंडकासाठी दीर्घ प्रतीक्षा करावी लागली. विदर्भाने पहिले विजेतेपद १ जानेवारी २०१८ रोजी मिळवले. दिल्लीविरुद्धचा तो अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर झाला होता. नागपूरच्या संघाला करंडक मिळाला तो नायडू यांच्या कर्मभूमीत. त्यानंतर २०२२ च्या जूनमध्ये मध्य प्रदेशाने बंगळुरू येथे मुंबईला हरवून या नावाने पहिल्यांदा करंडक जिंकला. होळकर संघाच्या शेवटच्या विजेतेपदाला तोवर ६९ वर्षे झाली होती. दोन्ही विजयांमागे प्रशिक्षक एकच होते, मुंबईचे माजी यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित. भारताकडून खेळून झाल्यावर पंडित मध्य प्रदेशाकडूनही खेळले होते आणि १९९८-९९ चा अंतिम सामना त्यांनी याच संघाचे कर्णधार म्हणून बंगळुरूच्याच मैदानावर गमावला होता. मैदानावर अपुरे राहिलेले काम त्यांनी २३ वर्षांनी मैदानाबाहेरून पूर्ण केले. नायडू यांनी न निवडलेल्या वाटेवरूनही त्याच ठिकाणी पोहोचता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने नायडू यांचे नाव दोन ठिकाणी जपले आहे. जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो; १९९४ मध्ये सुरू झालेल्या या पुरस्काराचे पहिले मानकरी लाला अमरनाथ होते. दुसरे नाव आहे ते राज्य संघांतील तरुणांसाठी होणाऱ्या कर्नल सी. के. नायडू करंडकाला. त्या स्पर्धेला ना मोठी गर्दी असते, ना दूरचित्रवाणीचा झगमगाट. नागपूर, इंदूर किंवा जबलपूरचा एखादा तरुण रणजी संघात जागा मिळावी म्हणून तेथे दिवसभर क्षेत्ररक्षण करतो आणि आपल्या फलंदाजीची वाट पाहतो.